बाहेरचे आजोबा

१० फेब्रुवारी १९५७

दुपारी दुकान बंद करून जेवायला आलो, तर ओट्यावर तो म्हातारा उभा. शांताचा सासरा. चिनी. दंडूत, म्हणजे कंटोन्मेंटात, त्याचा दातांचा दवाखाना आहे. त्याच्या मुलाशी, पीटरशी, शांताने रजिस्टर लग्न केलं त्याला आता पाच महिने होतील. आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं.

हातात एक पपनस. देवनहळ्ळीचं आहे, म्हणाला. कानडी चांगली बोलतो, बाजारातली पण स्वच्छ. "आपण बीगरु झालो." बीगरु म्हणजे व्याही. मी म्हटलं, तुमच्या मुलाचं लग्न झालं असेल, माझ्या मुलीचं झाल्याचं मला माहीत नाही. पपनस ओट्यावर ठेवलं, कमरेत वाकला आणि गेला.

ही दाराआडून ऐकत होती. पपनस आत नेलं. हिने आणि मुलाने, अनंताने, खाल्लं. मला नको होतं.

१७ फेब्रु.

आमच्या शिंपी समाजाची बैठक. माझी जागा खांबाजवळ, आधी वडलांची होती. वडलांनाही सगळे यजमान, म्हणजे समाजाचा कर्ता, म्हणत, मलाही. आज तिथे रामचंद्रराव बसलेले. ते उठले नाहीत, मीही उठा म्हटलं नाही. दाराशी बसलो. "या अण्णा," कोणीतरी म्हणालं. अण्णा वाईट नाही. अण्णा तर सगळेच असतात.

पोह्यांची बशी आली. खाल्ले. घरी आलो.

५ मार्च

डोळे कुरकुर करतात. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. अनंत फॅक्टरीत लागल्यापासून दुकानात मी एकटा.

शांता समोरच्या फुटपाथवरून गेली. शाळेत शिकवायला अजून जाते वाटतं. थांबली. मी मशीनवर वाकलो. मान वर केली तेव्हा नव्हती.

४ जुलै १९५८

शांताला मुलगी झाली. सांगायला पीटर स्वतः दुकानात आला. गिऱ्हाईक होतं, म्हणून नुसतं "बरं" म्हटलं. पोरगा उंच, बारीक, खांदे उतरते. डोळ्यांनी माप घ्यायची खोड जात नाही.

ही डिंकाचे लाडू बांधून गेली. मला विचारलं नाही.

११ जुलै

ही परत आली. बाळाचं नाव मीना. त्यांच्यातही चालतं म्हणे. सावळी नाही, गोरी नाही, केस भरपूर. एवढं सगळं सांगून झाल्यावर म्हाताऱ्याचा निरोप. "तुमच्या यजमानांना विचारा, ही त्यांना काय म्हणेल. आत्ताच ठरवायला हवं. बोलायला लागली की उशीर होतो."

म्हटलं, मला कशाला काय म्हणेल?

हिने ताट वाढलं. तोंड घट्ट. या घरात तरी मी यजमान आहे, ते एवढ्यापुरतंच.

२२ नोव्हेंबर १९५९

दाढ. तीन रात्री झोप नाही. सकाळी हिने टांगा दाराशी आणला, कुठे जायचं ते सांगितलं नाही. दंडूत पोचल्यावर कळलं. परत फिरायचं तर दाढ परत फिरू देईना.

म्हाताऱ्याने पाहिलं, मान हलवली, दाढ काढली आणि तिच्या शेजारचे दोन दात. हात हलका आहे, नाही म्हणवत नाही. मग तोंडात कापसाचे बोळे. मला बोलता येईना, उठता येईना. ही संधी साधून तो बोलत राहिला.

त्यांच्यात बापाचा बाप वेगळा आणि आईचा बाप वेगळा. दोघांना मिळून एक शब्द नाही. तो स्वतः बापाचा बाप, म्हणून दिये-दिये. मीना आता तसं म्हणते. आईच्या बापाला वाय-गुंग, असं पीटरने मिशनच्या चिनी पाद्र्याकडून ऐकलेलं. गुंग म्हणजे पूर्वी मोठा सरदार, जहागीरवाला. मग हळूहळू कुठल्याही आजोबाला म्हणू लागले. "तुमचं राव आहे तसं. आधी राजाला, आता शिंप्यालाही," म्हणाला. खोचून नाही, समजावून सांगावं तसं.

मी हाताने विचारलं, आणि वाय?

म्हातारा हात धुवायला वळला. पीटर हत्यारं पुसत होता, तो म्हणाला, "वाय म्हणजे बाहेरचा."

बाहेरचा आजोबा. तोंडात कापूस होता ते बरं.

२३ नोव्हें.

हिला सांगितलं. वाटलं, चिडेल. म्हणाली, "मग चूक काय त्यात. बाहेरच तर उभे आहात इतके दिवस."

पेज प्यालो. गार.

१ डिसें.

जखम दाखवायला गेलो. एकटा, बसने. म्हाताऱ्याने बघितलं, भरतेय म्हणाला. मग खुर्ची सरळ केली आणि समोर स्टूल घेऊन बसला.

"त्या दिवशी तुम्हाला दाढेपेक्षा तो शब्द दुखला."

म्हटलं, तसं काही नाही.

"वाय शहरातलं, पुस्तकातलं. आमच्या गावी नाही म्हणत. आमच्याकडे गा-गुंग. गा म्हणजे घर."

मला बरं वाटावं म्हणून आत्ता बनवलंत काय, विचारलं. रागावला नाही. त्याच्या आईचा बाप त्याला खांद्यावर घेऊन तळ्यावर जायचा, कमळाच्या बिया सोलून द्यायचा, तो गा-गुंग. चेहरा आठवत नाही, टकलाचा वास आठवतो. एवढं कोणी बनवून सांगत नाही.

पडदा सरकवून शांता आली. कडेवर पोर. "अप्पा, कॉफी?" जणू मी रोज येतो. घेतली. पोरीने आईच्या मानेत तोंड लपवलं ते मी जाईपर्यंत काढलं नाही.

१४ एप्रिल १९६०

शांता, मीना, पीटर जेवायला. पहिल्यांदा सगळे. अनंताने पीटरला नळाची गळती दाखवली, दोघं त्यातच.

मीना माझ्या टेपशी खेळत होती. टेप हवी होती, मी देईना. तर म्हणाली, "गागुंग, दे." शिकवलेलं होतं हे उघड. दिली.

शेजारच्या पद्माक्कांना वाटतं, पोर बोबडं बोलतं.

२१ ऑगस्ट

व्याह्यांबरोबर हेब्बाळच्या तळ्यावर. तेच म्हणाले, चला. त्यांच्या मुलखाच्या नावातच तळं आहे म्हणे. काठावर बसून होते तासभर. मला गुडघ्यांमुळे बसवेना, उभा.

तरुणपणी कलकत्त्याला बोटीने आले, मग हत्यारांची पेटी घेऊन गावोगाव. म्हैसूरला बायको वारली. मग इथे. ल्यू हे त्यांचं आडनाव, पण आता नुसतं ल्यू म्हणणारं कोणी उरलं नाही. त्यांच्यात नावाआधी लाओ लावतात. लाओ म्हणजे म्हातारा. पण शिवी नाही, मान. घरात वयस्क माणूस असणं ही मिरवायची गोष्ट.

इतकी वर्षं मनात मी यांना म्हातारा म्हणत होतो. सांगून टाकलं. हसले. पुढचे दोन दात त्यांचेच खोटे आहेत.

मला ते छिंगजा-गुंग म्हणतात. व्याहीबुवा म्हणायचं तसं.

७ मे १९६१

अनंताचं लग्न. सुमन, हुबळीकडची. समाजातले आले, जेवले. ल्यू काळा कोट घालून आले, त्यांच्या पानाच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहिली. मी यजमान, वाढप्यांवर नजर ठेवायला हवी. तरी जाऊन बसलो त्यांच्याशेजारी. दुसऱ्या बाजूला पीटर.

दमलो. पाय सुजलेत.

२ फेब्रुवारी १९६२

व्याह्यांना पांढरा डगला शिवून दिला, दवाखान्यात घालायला. डोळ्यांनी दिसतंय तोवर. उजवा खांदा उतरलेला आहे त्यांचा, दात काढून काढून. तिथे स्वल्प भर घातली. घातल्यावर आरशात बघत राहिले. "आता लाओ-ये दिसतो," म्हणाले. म्हणजे मोठा मालक, जमीनदार, कोर्टातला साहेब. आता तिकडे कोणी कोणाला असं म्हणत नाही म्हणे, बंद झालं. इकडेही रावबहादूर गेलेच की.

२६ ऑक्टोबर

सीमेवर लढाई. रेडिओपाशी सगळी गल्ली. लष्करी कोटांचं काम आलंय. जाड लोकर, मशीन अडतं, सुया तुटतात. तिकडे बर्फ आहे आणि पोरांच्या अंगावर सुती कपडे, असं पेपरात. शिवतो आहे दिवसभर.

दंडूत गेलो नाही.

३१ ऑक्टो.

दवाखान्याच्या काचेवर दगड. कोणाला लागलं नाही. पीटरने पाटी उतरवून ल्यू हे अक्षर रंगाने बुजवलं. आता नुसतं दंतवैद्य. ही सकाळीच गेली होती, काचा गोळा करून आली. बोटाला चिंधी.

६ नोव्हें.

शांता आली होती, एकटी. थकलेली. दवाखान्यात पोलीस येऊन गेले. सगळ्यांची नावं, जन्म कुठला, कोण कधी आलं. अधिकारी तरुण. व्याह्यांनी उठून त्याला वाकून "ता-रेन" म्हटलं. जुनी सवय. त्याला वाटलं शिवी दिली. "काय बोलला हा? काय बोलला?" शांताने सांगितलं, मोठा माणूस, साहेब असा अर्थ आहे. त्याचा विश्वास बसेना. तीनदा विचारलं. शेवटी म्हणाला, यापुढे कानडीत बोलायचं.

व्याह्यांना आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी. शहराबाहेर जायचं तर परवानगी.

"आणि अप्पा, मीनाला सांगितलंय. रस्त्यात दोघांनाही आजोबाच म्हणायचं."

म्हटलं, बरं केलंस.

१२ नोव्हें.

गेलो शेवटी. मीना धावत आली आणि मध्येच थांबली, आईकडे बघितलं. मग "आजोबा". तिकडे व्याह्यांनीही वर पाहिलं. दोघांपैकी कोणाला, तिलाच कळेना. व्याही म्हणाले, तुम्हालाच. डगल्याची बटणं उघडी होती, ती लावत बसले.

परत येताना बसमध्ये एकाने विचारलं, कुठून येताय. बाजारातून, म्हटलं.

१८ नोव्हें.

रामचंद्रराव आले. सदरा नवीन. चहा घेतला, अनंताच्या फॅक्टरीची चौकशी. मग मुद्द्यावर. "झालं ते झालं. पोरीला काय, घरी घेऊन या, नातीसकट. लोक समजून घेतील. पुढच्या बैठकीला खांबाजवळ बसा. मी उठतो."

यजमान म्हणाले नाहीत, पण म्हणायच्या बेतात होते.

बोलायचा कंटाळा. त्यांना वाटलं, विचार करतोय. समाधानाने गेले.

आणि केलाही विचार. खोटं का लिहू.

२७ नोव्हें.

लढाई थांबली म्हणतात, चौकशी थांबलेली नाही. आज आमच्याकडे. अनंताच्या फॅक्टरीत लष्कराचं काम चालतं, त्यामुळे त्याच्या घरच्यांची माहिती हवी. अधिकारी सभ्य, बूट बाहेर काढले, हिची कॉफी घेतली. हासनकडचा. अनंत दारात उभा, सुमन आत.

इकडचं तिकडचं झाल्यावर कागद पुढे ओढला.

"हा दातांचा ल्यू. तुमचा कोण?"

अनंताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. तो जमिनीकडे.

"बीगरु," मी म्हटलं.

"म्हणजे मुलगी तिकडे दिली आहे, एवढंच ना? येणं-जाणं?"

"आहे."

"किती?"

"बीगरांकडे असतं तेवढं."

त्याने लिहिलं. जाताना मला नमस्कार केला, "येतो यजमानरे." कानडीत घरातल्या कर्त्याला सगळेच तसं म्हणतात. तरी ऐकलं.

तो गेल्यावर अनंत म्हणाला, "डेंटिस्ट आहे म्हटलं असतं तरी खोटं नव्हतं, अप्पा."

खरं आहे त्याचं. दात त्यांनीच काढले.

१९ डिसें.

अनंताला वर्कशॉपमधून काढून स्टोअरमध्ये घातलं. पगार तोच. कारण सांगितलेलं नाही. त्याला लेथवर काम करायची किती हौस, लहानपणी माझं मशीन उघडून ठेवायचा. आता खोके मोजतो. घरी कोणाशी बोलत नाही.

२० जानेवारी १९६३

अनंत, सुमन गेले. के. आर. पुरमकडे क्वार्टर घेतलं. पत्ता वेगळा असेल तर पुन्हा वर्कशॉपमध्ये घेतील, असं कोणी साहेब म्हणाला. भांडण नाही. ट्रंका मीच दोरीने बांधल्या. सुमन पाया पडली. अनंत टांग्यात पुढे बसला, मागे वळला नाही. वळून काय करणार.

ही त्याच्या खोलीचं दार लोटून घेते. मग परत उघडते.

१४ जून

ठाण्यात व्याह्यांबरोबर जातो अलीकडे. त्यांना दिसतं कमी, मला चालवत नाही. दोघं मिळून एक माणूस होतो. बाकावर वाट बघायची. कधी लगेच, कधी दुपार.

आज शिपाई नवीन, कोलारकडचा, मिसरूड फुटलेला. बाकावर आधीच माणसं. त्याने एकाला उठवलं. "ताता, इथे बसा." ताता म्हणजे कानडीत आजोबा. कोणाला म्हणाला ते दोघांनाही कळलं नाही. दोघंही पुढे झालो. मग दोघांनाही जागा केली.

३ नोव्हेंबर

दवाखान्यात पेशंट नाहीत. जुने येतात, मागच्या दाराने. पीटर दात बनवतो आणि कपाटात ठेवतो.

मीना शाळेत जायला रडते. बाईंनी हजेरीत नाव उच्चारलं की वर्ग हसतो. मीना नाही, पुढचं.

८ मार्च १९६४

घरमालकाने दवाखान्याची जागा सोडायला सांगितलं. मुदत दिली आहे, वाईट माणूस नाही, त्याच्यावरही दबाव असेल. पीटरच्या मावशीचा मुलगा हाँगकाँगला, त्याचाही दातांचाच धंदा. त्याने बोलावलं आहे. पीटर जन्मला म्हैसूरला, त्याला कागद मिळतील असं म्हणतात. शांताला, मीनालाही.

शांताने हे भाजी निवडताना सांगितलं. ही शेंगा मोडत राहिली. पातेलं भरलं तरी मोडत होती.

१९ जुलै

कागद आले. तिघांचे. व्याह्यांचा नाही. त्यांचा पासपोर्ट ज्या सरकारने दिला ते सरकार आता त्यांच्या गावात नाही, आणि जे आहे त्याचा पासपोर्ट त्यांना नको. कोणाचेच नाहीत ते. पीटर म्हणतो, वडील नाहीत तर मीही नाही. बापलेकांचा आठवडाभर अबोला. जेवायला एकाच टेबलावर, शांता मध्ये.

मला बरं वाटलं. पीटर जात नाही म्हणजे शांता जात नाही, मीना जात नाही. असं वाटलं, ते इथे लिहून ठेवतो.

२ ऑगस्ट

व्याही आले. इतक्या दिवसांनी घरी. बस बदलून, एकटे, काठी टेकत. म्हटलं आत चला, तर नको, ओट्यावरच बसले. सावली होती.

खूप वेळ पद्माक्कांच्या कोंबड्या बघत होते. मग म्हणाले, "एक मागायला आलोय. तुम्ही पीटरला सांगायचं की हा म्हातारा माझ्याकडे राहील."

मला आधी कळलंच नाही.

"माझं ऐकत नाही तो. तुमचं ऐकेल. तुमच्याकडे माझी सोय आहे असं कळलं की जाईल."

"आणि शांता?"

"तीही."

मीनाचं मी विचारलं नाही. कोंबड्या ओरडत होत्या.

मग मीच म्हटलं, "तुम्ही मला माझी नात धाडायला सांगताय."

"माझीही आहे."

"तुम्हाला राहवेल?"

"नाही." डोळे पुसले नाहीत, डोळ्यांना पाणीच नव्हतं. "पण इथे राहिली तर मोठी होईल आणि आपलं नाव सांगायला लाजेल. मग आपण दोघं जवळ असून काय करायचं?"

विचार करतो, म्हटलं. सरी, म्हणजे बरं, म्हणाले. बसपर्यंत सोडलं. चढायला हात दिला, हात हलका लागला, पूर्वीपेक्षा.

४ ऑग.

हिला सांगितलं. "तुमची इच्छा," म्हणाली. तिची काय ते सांगेना. दिवसभर देव घासले.

९ ऑग.

अनंत आला. सुमनला चौथा महिना. इतकं बोलायला त्याला तासभर लागला. ती माहेरी जायची नाही, आई नाही तिला. बाळंतपणाला इथेच आणावं म्हणतो, आणि मग राहायचंच, वर्कशॉपचं काही खरं नाही, क्वार्टरमध्ये सुमन एकटी पडते.

ही आनंदली. पहिल्यांदा बघितलं इतक्या दिवसांत.

निघताना अनंत मला बाजूला घेऊन म्हणाला, "ते लोक जाणार आहेत असं ऐकलं. खरं ना, अप्पा? कारण ते येत-जात असले तर मला नाही जमणार. मूल होणार आता."

म्हटलं, तिघं जातील असं दिसतंय.

"आणि म्हातारा?"

म्हटलं, ठरलं नाही.

त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की असा बघायचा. खोली एकच आहे.

१३ ऑग.

डोकं चालत नाही. कोट शिवायला घेतला, बाही उलटी लावली. उसवली. पुन्हा लावली.

हो म्हणावं, तर मुलगी जाते, नात जाते, आणि मुलगा येत नाही. येणारं मूलही नाही. नाही म्हणावं, तर ते चौघं इथेच, मुलगा तरीही येत नाही, आणि त्या बिचाऱ्या पोरीला रोज शाळेत...

रामचंद्ररावांना विचारावं असंही एकदा मनात आलं. थकल्यावर माणूस कोणालाही विचारतो.

१६ ऑग.

सकाळी उठलो तर अनंताच्या खोलीतली खाट अंगणात. हिने एकटीने ओढली. उकळतं पाणी ओतून ढेकूण मारत होती. गादी उन्हात, उशी उन्हात, उशीला नवा अभ्रा.

"कोणासाठी?" मी विचारलं.

"खाट आहे. कोणीतरी झोपेल," म्हणाली. किटली पुन्हा चुलीवर ठेवली.

दुपारी शांताचा निरोप, उद्या पीटर येतोय. एकटा. तुमच्याशी बोलायचं म्हणतो.

१७ ऑग.

पीटर आला. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, गळपट्टीपाशी सैल. वाळला आहे. पाया पडला. त्याच्या वडलांनी माझ्याकडे येऊन काय मागितलं ते त्याला माहीत आहे, त्यांनीच सांगितलं. बसल्याबसल्या म्हणाला, "अप्पा, तुम्ही खरं सांगा. त्यांचं मन राखायला म्हणून नको. तुमच्याकडे खरंच जागा आहे का?"

चष्मा आणतो म्हणून आत आलो, ही वही काढली. चष्मा नाकावरच आहे.

ही त्याला कॉफी देते आहे. साखर विचारते आहे. तो हळू काहीतरी म्हणाला, ती हसली नाही. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. आता उठायला हवं.